सुकाणूवरचा पैसा

"लोखंड लाजता, चेडवा. तापला की लाल होता, सांगता की आता मी मऊ झालंय. ह्यां लाजणा नाय. ह्यां नुसता उभा रवता, उभा रवता, आणि एकदम बसता."

इतक्या वर्षांनीही वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली की केतकीला आधी हा आवाज ऐकू येई. तेव्हा ती फ्रॉकच्या वयातली होती आणि तिचे बाबा, बाबल मेस्त, वाघोटन खाडीवरच्या आपल्या कारखान्यात तिला अॅल्युमिनियम समजावत होते. अंघोळीच्या साबणाची वडी ते पट्टीवर ओढत. आच लागून साबणाची रेघ काळी पडली की म्हणत, "बघ, आता ह्यां आयकताला." धातू स्वतः काही सांगत नाही, म्हणून साबणाला विचारायचं.

यंदाच्या हंगामापासून मात्र धातू सांगू लागला होता.

सकाळी बोटी धक्क्याला लागल्या की केतकी वाचक घेऊन एकेकीच्या मागे जाई. वाचक म्हणजे कळशीच्या झाकणाएवढी एक चकती. चाक फिरवलं की इंजिनाला वळवतो तो जाड दांडा, सुकाणूची भुजा. तिच्या जोडावर ही चकती टेकवायची. हल्ली जोड साक्षी-तारेने घालत. ही तार वितळून जोडात मिसळली तरी तिच्यातले बारीक स्मृतिकण शाबूत राहत, आणि जोडावर आलेला प्रत्येक ताण आपल्या अंगावर कोरून घेत. वाचक ते कोरलेलं उलगडून पडद्यावर भाराच्या रेषा काढी. ओढ्यातलं पाणी वरून दिसावं तशा त्या रेषा, सरळ वाहणाऱ्या, अडथळ्याशी वळणाऱ्या.

"काय म्हणता माझी बोट?" जयवंत सारंगांनी विचारलं. खाडीतले ते जुने बोटवाले.

"म्हणता, धनी वळताना लय जोर करतत. शर्यत लावलात काय काल?"

"मशीन हा की माझी बायको?"

"काकी निदान संध्याकाळपर्यंत थांबतत."

सारंग हसले, आणि लगेच कुरकुरले, "आणि माझो पैसो परत गेलो गो! कसलो हो चोर? इंजिन सोडता, डिझेल सोडता, भोकाचो पैसो नेता."

भोकाचा पैसा म्हणजे आजे-पणज्यांच्या वेळचं तांब्याचं नाणं. बोट पहिल्यांदा पाण्यात उतरते त्या दिवशी घरातली नवी सून तो बोटीच्या पाठीला ठोकते आणि ओवी म्हणते. त्या घटकेला धक्क्यावर कोणी 'नको' म्हणत नाही. खाऊ पुढे केला तर नको असलेलाही घेतात. बोटी लाकडाच्या होत्या तेव्हापासूनची ही रीत. लाकडाच्या गेल्या, अॅल्युमिनियमच्या आल्या, पण पैसा राहिला. लाकूड नाही म्हणून तो भुजेला भोक पाडून रिव्हेटने बसू लागला.

"आज माझी सून लावताली," सारंग म्हणाले. "भरतीक येशील मगे?"

त्यांच्या मुलाच्या नव्या बोटीची भुजा केतकीनेच घडवली होती. जोड वाकाच्या जागेपासून लांब घेतला होता, दोन्ही अंगांनी पूर्ण आत उतरवला होता, कोपऱ्याला तिकोनी आधार दिला होता. हे सगळं बाबांचं शिक्षण. लोखंडावर फिरलेला ब्रश ती अॅल्युमिनियमला लावत नसे, हेही बाबांचंच.

बाबा मात्र उंडीच्या झाडाखाली बसून असत. सात वर्षांपूर्वी केतकीचा नवरा केदार खाडीच्या मुखाशी गेला. एक मासेमारी लाँच इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत होती, तिला दोर टाकायला तो एकटाच निघाला. वळण घेताना भुजा तुटली. इंजिन एकीकडे, बोट दुसरीकडे. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे बाबल मेस्तांनी हात जोडून सांगितलं, "माझो जोड तुटलो." त्या दिवसानंतर त्यांनी वेल्डिंगचा टॉर्च हातात धरला नाही. आणि केतकीने त्यांना वेळेवर जेवायला वाढलं, औषध दिलं, पण ताटावरून नजर वर नेली नाही.

आता चौकशीच्या गोदामाची सफाई झाली आणि भुजेचा तो तुकडा एका गोणपाटात घरी परत आला होता. त्यातला जोड साक्षी-तारेचा होता. तेव्हा एका संशोधन संस्थेने ती नुसती वापरून बघायला दिली होती, वाचायचं यंत्र जन्मायचं होतं.

"समुद्रात टाक ता," काल बाबा म्हणाले होते. "काय वाचतलंस? माझा पाप?"

ती रात्रभर त्या शब्दावर कुशी बदलत राहिली. आज सकाळी सारंग निघून गेले तेव्हा तिने कारखान्याचं दार लोटलं, तुकडा बाकावर ठेवला आणि वाचक टेकवला.

रेषा उमटू लागल्या. केदारची पहिली फेरी. त्याचं ते ऐटदार डावं वळण, जे ती धक्क्यावरून बघत असे. पावसाळ्याआधीची समुद्राची उसळी. केदार गेला तेव्हा त्याचा आवाजसुद्धा कुठे साठवलेला नव्हता, आणि इथे त्याच्या मनगटाचा जोर जसाच्या तसा होता. केतकीने चकतीवर तळहात ठेवला, उगाचच.

मग रेषा सरकल्या. जोड मजबूत होता, शेवटच्या क्षणापर्यंत त्याने सगळा भार पेलला होता. पण शेवटच्या काही आठवड्यांत भार एका कडेला गोळा होत गेला होता, जणू शेजारचा धातू आतून पोखरला जात होता आणि जोड त्याचं ओझंही उचलत होता. भुजा जोडावर तुटली नव्हती. जोडाच्या शेजारी तुटली होती.

तिने तुकडा उजेडात धरला. तुटलेली कड खाऱ्या हवेने पांढरी झाली होती. तिच्याखाली बारीक तिरक्या रेघा होत्या. कानशीच्या. अशी तिरकी कानस खाडीवर एकच माणूस मारत असे. कोणीतरी तुटलेली कड जोडापर्यंत घासून आणली होती.

जोडाशेजारी काय होतं तिथे?

तिच्या ओठांवर ओवी आपोआप आली, आणि अर्ध्यात थिजली.

नावेच्या पाठीला, जडविला पैसा,
नेशी धनी जैसा, आण तैसा.

तांबं आणि अॅल्युमिनियम, वर खारं पाणी. दोन धातू असे शेजारी आले की त्यांच्यात बारीक वीज खेळते, आणि दुबळा झिजत जातो. हे तिला आता कोणीही झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं; पण पैसा म्हणजे तांबं, हे रीतीच्या आड तिला कधी दिसलंच नव्हतं. तेव्हा ती नवी नवरी होती, वेल्डिंग सोडून संसाराला लागलेली. जोडाशेजारचा धातू आधीच आचेने मऊ पडलेला, नेमकं तिथेच तिने ड्रिल लावलं होतं, कारण तिथे पैसा छान दिसत होता.

ती तुकडा घेऊन उंडीखाली गेली. रेघांवर बोट ठेवलं.

"हंय काय होता, बाबा?"

"खारान खाल्ल्यान."

"खारान कानस मारल्यान?"

बाबल मेस्तांनी तुकडा तिच्या हातातून घेतला आणि मांडीवर पालथा घातला.

"पैसो होतो ना?"

"भुजा माझी होती," ते म्हणाले. "मी थयंच उभो होतंय. तुझ्या हातात ड्रिल, डोक्यार अबोलीचो वळेसर, गळ्यात ओवी. माझ्या तोंडात शब्द इलो आणि मी गिळलंय. त्या घटकेक तो शब्द म्हणाचो नसता. म्हटलंय, हंगाम जाव दे, हळूच काढतंय. हंगाम सरूच्या आधीच..."

"आणि भोक घासून सगळ्यांका सांगलात, माझो जोड तुटलो."

"तू माझ्यार रागावलंस म्हणान उभी रवलंस, चेडवा. स्वतःर रागावलं असतंस तर?"

धातूला जे आठवतं ते एखाद्याने जीव लावून पुसलं असेल, तर खरं कोणाचं धरायचं? धातूचं, की त्या कानशीचं?

बाबांनी शेजारचा साबणाचा जुना डबा तिच्याकडे सरकवला. वड्यांच्या जागी आत हिरवे पडलेले भोकाचे पैसे होते. सारंगांचे, धुऱ्यांचे, साऱ्या खाडीचे.

"चोर तुम्ही?"

"कोणाक कारण सांगूचा तर तुझा नाव येताला. त्यापेक्षा पहाटे काढलेला बरा." त्यांनी उजवा हात पुढे धरला. तो पानासारखा हलत होता. "आता रिव्हेट निघणा नाय."

भरती आली. धक्क्यावर नवी बोट झेंडूच्या माळा घालून डुलत होती. सारंगांची सून तन्वी नऊवारीचा काष्टा सावरत भुजेपाशी वाकली. लग्नाला महिना झाला नव्हता. एका हातात पैसा, दुसऱ्यात ड्रिल. जोडाशेजारचीच जागा तिने निवडली. तिथेच तो छान दिसत होता. बायकांनी ओवी उचलली. केतकीचे ओठ उघडले आणि मिटले.

ड्रिल गुरगुरलं.

"नको!"

ओवी तुटली. सगळे वळले. बाबल मेस्त गर्दीतून पुढे येत होते, हात हलत होता, पण आवाज हलत नव्हता. "नको गो चेडवा. नको लावू."

"मेस्तानु, शुभ घटकेक काय बोलतास हां?" सारंगांचा चेहरा उतरला. कोणीतरी पुटपुटलं, जावयाक खाल्ल्यान, आता हेंच्या घराक नजर लावता.

तन्वी रडवेली झाली होती. "पण कित्याक नको, आजोबा?"

म्हाताऱ्याने केतकीकडे पाहिलं नाही; कष्टाने, मुद्दाम पाहिलं नाही. सात वर्षं जसा उभा होता तसा, पुन्हा एकदा, नुसता उभा राहिला.

आणि एकदम बसेल, केतकीला वाटलं.

ती गर्दीतून पुढे झाली. तन्वीच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं, बाबांचा हात आपल्या हातात धरला, आणि किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाबांचो जोड तुटलो नव्हतो," ती मोठ्याने म्हणाली. "पैसो मी लावललंय."