दोऱ्याला टांगलेला चेंडू

ऑर्विन मिल्स गावच्या इतिहास मंडळात आम्ही चार माणसं आणि एक कॉफीचं यंत्र. त्यातलं कुरकुर न करता चालतं ते फक्त यंत्र. आमची खोली अग्निशमन दलाच्या हॉलच्या वर आहे. मंगळवारी दुपारी सभा भरली की खालून बंब धुतल्याचा आवाज येतो. मी आर्लीन क्राइडर. उभा जन्म औषधाच्या दुकानात गेला. ज्याचं वजन करता येत नाही त्याच्यावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं.

मे महिन्यात कुणीतरी माळा आवरला आणि जुन्या फोटोंचं एक खोकं आमच्या दारात ठेवून गेलं. लमार झूक आमचा अध्यक्ष. हा शाळेत इतिहास शिकवायचा, निवृत्त झाला तरी शिकवायचा थांबलेला नाही. त्याने खोक्यातून चर्चच्या सहलींचे फोटो काढले, बक्षीस मिळालेल्या एका गाईचा काढला, आणि मग एकदम गप्प झाला. लमार गप्प झाला म्हणून मी हातातलं विणकाम खाली ठेवलं.

जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला तपकिरी फोटो होता, स्टुडिओतला. मागे पडद्यावर रंगवलेली झाडं, खाली गवत म्हणून अंथरलेला गालिचा, आणि त्यावर बेसबॉलच्या पोशाखातला एक तरुण. छातीवर आमच्या जुन्या टॅनरी संघाचं, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या संघाचं चिन्ह. गुडघे जरासे वाकवलेले, दोन्ही हात तोंडासमोर उचललेले, आणि त्या हातांच्या बरोब्बर पुढे चेंडू. त्या काळच्या कॅमेऱ्यात उडता चेंडू यायचा नाही. म्हणून छताला काळा दोरा बांधून चेंडू टांगायचे आणि खेळाडूला सांगायचे, झेल घेतोयस असं दाखव. दोरा स्वच्छ दिसत होता. बुटांच्या टाचांमागे लोखंडी तिवईचे पाय दिसत होते. मान हलू नये म्हणून तिचा चिमटा डोक्यामागे लावायचे. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का होता, नाव मात्र कुणाचंच नव्हतं.

"हे माझे आजोबा," व्हर्ना म्हणाली.

व्हर्ना श्टाउफर माझी जन्माची शेजारीण, वय चौऱ्याऐंशी. तिने चष्मासुद्धा लावला नव्हता.

आता एका दगडाबद्दल सांगायला हवं. हॉलच्या दाराशी टॅनरी संघाच्या विजयाचा दगड आहे. बेसबॉलला नऊ माणसं लागतात हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, पण दगडावर नावं आठ. नववी जागा गुळगुळीत सोडलेली. अंतिम सामन्याला नववा आलाच नाही, आठ जण खेळले आणि जिंकले. व्हर्नाच्या घरात सांगायचे की तो नववा म्हणजे एमस श्टाउफर. सामन्याच्या आदल्या दिवशी पोशाख घालून तो बायकोला म्हणाला, "फोटो काढून येतो," आणि जो गेला तो गेला. व्हर्नाचे वडील तेव्हा रांगत होते. गावाने ठरवून टाकलं की एमस रेल्वेच्या हॉटेलातल्या कुठल्याशा बाईबरोबर पळाला. मग व्हर्ना शाळेत पळपुट्याची नात झाली. आजही चर्चला जरा उशीर झाला की कुणीतरी म्हणतंच, "आलीस का? आम्हाला वाटलं, तूही पळालीस." ती हसून घेते. मी शेजारी बसते, म्हणून तिची बोटं पर्सचा बंद कशी आवळतात ते मला दिसतं.

"हे फोटो काढायला गेले आणि फोटो काढला," व्हर्ना म्हणाली. "पळून जाणारा माणूस आधी फोटोला उभा राहतो का? लमार, त्या दगडावर माझ्या आजोबांचं नाव घाल. माझं नाव थडग्याच्या दगडावर कोरायच्या आधी मला त्यांचं बघायचंय."

"पुरावा लागेल, व्हर्ना. तुम्ही म्हणता म्हणून कसं घालणार?"

"डाव्या हाताची करंगळी. चेंडू लागून मोडली होती, बाहेरच्या बाजूला वाकडी बसली. आजी मला स्वतःची करंगळी वाकडी करून दाखवायची."

आम्ही तिघांनी फोटोवर डोकी वाकवली. डावी करंगळी चेंडूच्या मागे होती. लमारने मान वाकडी करून चेंडूच्या पलीकडे डोकावून पाहिलं.

"अरे, फोटो आहे तो," मी म्हटलं. "बाजूने बघून काय दिसणार?"

"सवय," लमार म्हणाला आणि दुसऱ्या बाजूनेही बघून घेतलं.

तेवढ्यात चौथा सभासद आला. क्लाइड हॉस्टेटर. गावातल्या प्रेतांना न्हाऊ-माखू घालून पेटीत निजवायचा त्याच्या घराण्याचा धंदा. त्याने फोटो पाहिला, स्वतःचे भलेथोरले कान चाचपले आणि जाहीर केलं की हा आपल्या पणजोबांचा भाऊ, त्या दिवशी गालगुंड झाल्यामुळे सामन्याला गेला नव्हता. "कान बघा," तो म्हणाला. लगेच फोन काढून त्याने फोटोचा फोटो घेतला, कानांचा वेगळा घेतला. मग जरा वेळ तो नुसताच बघत राहिला.

"मी आयुष्यभर न हलणारी माणसं बघितलीत," तो म्हणाला. "हा त्यातला वाटत नाही. हा धीर धरून उभा आहे."

"कॉफी घे," मी म्हटलं.

मंडळाचा नियम असा की एकाचाही विरोध असेल तर दगडाला छिन्नी लावायची नाही. क्लाइडचा विरोध होता. लमारने फोटो कपाटात न ठेवता कॉफीच्या यंत्राशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. म्हणे, रोज बघितलं की काहीतरी सुचतं.

पुढच्या मंगळवारी चेंडूच्या खाली मला दोन अंगठे दिसले. आधी ते दिसत नव्हते. मी भिंग लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मग लमारला झापलं. यंत्राची वाफ लागून पुठ्ठा फुगला होता, दुसरं काय असणार? मी घरून गोळ्यांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या आणल्या आणि फोटो त्यांच्यासकट पिशवीत घालून बंद केला. नंतरच्या खेपेला पिशवी उघडली तर पुड्या कोरड्या ठणठणीत होत्या, आणि फोटोतल्या माणसाच्या कपाळावर चकाकी आली होती. कोपरंही उतरल्यासारखी वाटली.

व्हर्ना बीटच्या रसात मुरवलेली अंडी घेऊन आली होती. तिने बरणी ठेवली, फोटोकडे पाहिलं आणि म्हणाली, "दमलेत गं ते."

"व्हर्ना, अगं फोटो आहे."

"मला दिसतंय ना, फोटो आहे ते."

मी एक अंडं खाल्लं. चव लागली नाही. दुकानात असताना एखाद्या गिऱ्हाइकाने विचित्र लक्षणं सांगितली की मी आधी त्याला खुर्चीवर बसवायची. त्या दिवशी मी स्वतःच बसले.

जूनच्या शेवटच्या मंगळवारी लमार जिन्यातच भेटला, नाचायचा तेवढा बाकी होता. चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा समारंभ तोंडावर आलेला, आणि फोटोत हात इतके खाली आले होते की चेंडू त्यांच्या वर एकटाच लोंबत होता. दहाही बोटं मोकळी. डावी करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी.

"मी म्हणतच होतो, नीट बघा," लमार म्हणाला. दगड कोरणाऱ्यालाही त्याने बोलावून ठेवलं होतं. तो खाली बंबाला टेकून सँडविच खात होता.

व्हर्नाने रुमाल काढला. डोळे पुसायच्या आत क्लाइडने टेबलावर फोन ठेवला. मे महिन्यातला फोटो. त्यात हात वर, चेंडू हातांपुढे, करंगळी गायब.

"लबाडी आहे ही," क्लाइड म्हणाला. "कुणीतरी फोटोत हात घातलाय."

"त्यानेच घातलेत," मी म्हटलं. मला विनोद करायचा नव्हता, तोंडातून निसटलं.

"हे बघ आर्लीन, कान माझे आणि करंगळी त्यांची, असं चालणार नाही. माझा विरोध लिहून घ्या."

व्हर्नाने रुमाल तसाच घडी करून पर्समध्ये ठेवला. इतकी वर्षं हसून घेणारी बाई त्या दिवशी हसली नाही. दगड कोरणाऱ्याला जायला सांगण्यासाठी लमार उठला, पण वाईट वाटलं की त्याला शिकवण्याची हुक्की येते. दाराशी थांबून तो तिवईबद्दल बोलायला लागला. हलला की फोटो पुसट व्हायचा, म्हणून माणसाला अडकवून ठेवायचे. नाकावर माशी बसली तरी हूं का चूं करायचं नाही. फोटोवाला 'झालं' म्हणाला की मगच हलायचं.

"आणि हा फोटोवाला तर एक नंबरचा विसराळू," तो म्हणाला. "त्याच्या एका लग्नाच्या फोटोत नवरा घ्यायचाच राहिलाय."

व्हर्नाने मान वर केली.

"आणि 'झालं' म्हणायला विसरला तर?"

"तर काय? माणूस कंटाळून निघून जाईल."

"माझे आजोबा नाही जायचे," व्हर्ना म्हणाली. "आजी सांगायची, असा ऐकणारा नवरा पंचक्रोशीत नव्हता. एकदा तिने फाटक धरून उभं राहा म्हटलं आणि विसरली. अंधार पडेपर्यंत फाटक धरून उभे होते."

खाली बंबावर पाणी मारणं थांबलं होतं.

ती उठली. टेबलाला धरत धरत फोटोपाशी गेली आणि लहान मुलाला झोपेतून उठवावं तशा आवाजात म्हणाली, "आजोबा, झालं. आता हललात तरी चालेल."

काही झालं नाही.

क्लाइड घसा खाकरून हसायला गेला.

तेव्हा लोखंडाचा आवाज आला. चिमट्यातून काहीतरी निसटल्यासारखा.

मग लाकडी जमिनीवर एक पाऊल. बुटाला खिळे असावेत.

मग दुसरं, जरा लंगडतं. फार वेळ उभं राहून पाय आखडलेल्या माणसाचं असतं तसं.

जिना कुरकुरला, वरपासून खालपर्यंत.

दगड कोरणारा खालून ओरडला, "दार कुणी उघडं टाकलं?"

आम्ही फोटोकडे पाहिलं. पडद्यावरची झाडं होती. गालिचा होता. मोकळी तिवई होती. चेंडू दोऱ्याला होता, पण पुसट. फोटो काढताना हललेली वस्तू येते तसा.

क्लाइडने फोन उचलला, त्यातला मे महिन्याचा फोटो पाहिला आणि फोन पालथा घातला. त्यात काय दिसलं ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

"माझा विरोध मागे घेतो," तो म्हणाला. "कान काय, कुणाचेही असू शकतात."

लमारने फोटो पाकिटात घालून वर लिहिलं, 'स्टुडिओचा अंतर्भाग, व्यक्ती नाही.' त्याच दुपारी दगडावर नववं नाव कोरलं गेलं. व्हर्ना शेवटच्या अक्षरापर्यंत उन्हात उभी होती, खुर्ची आणली तरी बसली नाही. चार जुलैला सगळं गाव दगडासमोरून गेलं. पळपुट्या हा शब्द कुणी उच्चारला नाही.

त्यानंतर मी तिची अंड्यांची बरणी परत द्यायला गेले. चांगली उजेडाची वेळ होती, स्वयंपाकघरात काकवीच्या केकचा वास होता. टेबलावर दोन बश्या मांडलेल्या. खिडकीजवळची वेताची खुर्ची जरा मागे ओढलेली होती. मी तिकडे वळले.

"तिथे नको," व्हर्ना म्हणाली. "ही घे, माझ्या जवळची."

"कुणी यायचंय का?"

तिने केक कापला, एक तुकडा खिडकीकडच्या बशीत ठेवला आणि सुरी पुसली. तिचा चेहरा इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

"आजी सांगायची ना, अगदी तसेच आहेत," ती हळूच म्हणाली. "बसा म्हटलं, बसले. आता उठा म्हणायला जीव होत नाही माझा. कुठे जायचंय त्यांना?" मग तिने माझा हात धरला. "आर्लीन, मी आज आहे, उद्या नाही. माझ्यामागे तू येऊन त्यांना सांगशील ना? उठा म्हणून? विसरायचं नाही हं."

माझा विश्वास कशावर आहे ते मी सुरुवातीलाच सांगितलं. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. वेताची बैठक मधोमध खाली दबलेली होती, चांगल्या भरल्या अंगाच्या माणसाखाली दबते तेवढी.

"नाही विसरणार," मी म्हटलं.