दोन बोटं जागा

खोक्यावर छापलं होतं: काहीही न कापता, न ठोकता थेट बसतो.

•

माझ्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं एकमेकांना चिकटवली की पस्तीस मिलिमीटर भरतात. व्हर्नियरने मोजलेली आहेत.

•

लहानपणी बागेतल्या सी-सॉवर ताई पलीकडे बसली की मी वर लटकत राहायचो. ती उतरायची नाही. पाय जमिनीला टेकवून गोष्टीचं पुस्तक वाचत बसायची.

•

पत्र्यातून बाहेर आलेला ड्रिलचा बिट गरम असतो. यावर कुणाचं मत विचारायची गरज नसते.

•

भावोजी गाडीच्या मूळ आवाजाला शिवणयंत्र म्हणायचे. ज्यांना शर्टाचं बटण लावता येत नाही त्यांनी शिवणयंत्राला नावं ठेवावीत.

•

आता ओळीने सांगतो.

मी गाड्यांचे एक्झॉस्ट बसवतो, बावीस वर्षं झाली. कंपनीने दिलेला उत्तम पाईप काढून बाजारातला लावणाऱ्या माणसाचं गाडीवर प्रेम नसतं. ते स्वतःवर असतं, आणि त्याची वर्दी त्याला चार गल्ल्यांना द्यायची असते. माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, याच पंथातले. पन्नाशीत त्यांनी एक वापरलेली, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. ती इतकी बुटकी की बसताना आधी त्यांचं डोकं आत जातं, मग पोट, आणि मग सवडीने बाकीचे भावोजी. शेजारच्या सीटवर रोज सकाळी ताई. तिचं ऑफिस त्यांच्या वाटेत.

गाडी घेतली तेव्हाच मी ती वजनकाट्यांवर चढवली होती. माझ्याकडे चार सपाट काटे आहेत, प्रत्येक चाकाखाली एक. शर्यतवाल्यांसाठी घेतलेत. रिकामी गाडी अकराशे ऐंशी किलो भरली. भावोजींनी हा आकडा नंतर महिनाभर लोकांना ऐकवला, जणू ते हलकेपण त्यांनी स्वतः व्यायाम करून आणलं होतं.

पाईप मागवला त्यांनीच, कुठल्यातरी व्हिडिओतला आवाज ऐकून.

"बसेल ना, इंजिनिअरसाहेब?" मला ते असंच म्हणतात. मी इंजिनिअर नाही हे त्यांना ठाऊक आहे.

"खोक्यावर तर लिहिलंय."

"मग काय, दोन तासांचं काम."

"दोन तासांचं असतं तर तुम्ही व्हिडिओ बघून घरीच केलं असतंत, भावोजी."

जॉब कार्ड, पहिली खेप
*तक्रार:* आवाज नाही (मालकाचं मत).
*अडचणी:* पुढच्या फ्लँजची (जोडाच्या चकतीची) भोकं चार मिलिमीटर बाहेर. पाईप टांगायचा मागचा हँगर उलट्या बाजूला जोडलेला. शेवटची नळी बंपरला घासते. म्हणजे नेहमीचंच.
*शिवाय:* मधे एक वळण.

ते वळण मला कळेना. एक्झॉस्टचा पाईप गाडीच्या पोटाखालून सरळ मागे जातो. हा पाईप शेजारच्या सीटच्या बरोबर खाली आला की बाजूला सरायचा, खाली झुकायचा, एखाद्या कलिंगडाला वळसा घालावा तसा, आणि पुन्हा रांगेत यायचा. त्या जागी वर काही नव्हतं. सपाट पत्रा होता, त्यावर सीट. काढलेला मूळ पाईप तिथून सरळच गेला होता. त्याला तेवढ्या जागी एक पोचा होता, वरच्या बाजूने. रस्त्यावर आपटलेल्या पाईपला पोचा खालून बसतो. मी तो पाईप भंगारात टाकला.

बनवणाऱ्याला फोन लावला. मागे कुठेतरी यंत्र चालू होतं.

"तुमच्या पाईपला मधे वळण आहे."

"हो."

"या गाडीला तिथे वळणाची गरज नाही."

"शेजारी कोण बसतं?"

"तुम्ही पाईप बनवता की स्थळं जुळवता?"

तो हसला नाही. "वळण राहू द्या," म्हणाला. "जागा लागते."

"कशाला?"

यंत्राचा आवाज वाढला, मग फोन बंद झाला. अशी माणसं या धंद्यात भरपूर आहेत. साचा चुकतो, तो दुरुस्त करायचा कंटाळा येतो, मग चुकीलाच कारण शोधतात.

मी ग्राइंडर घेतला. वळण कापलं, तेवढ्याच व्यासाची सरळ नळी मधे जोडली. वेल्डचे टाके असे पडले की भावोजींनाही कळावं. मग पाईप आणि पत्रा यांच्या मधे दोन बोटं घातली. आमच्यात जागा बोटांनी मोजतात, कारण टेप पोचत नाही तिथे बोटं पोचतात. दोन बोटं मोकळी गेली तर काम पास.

गेली.

भावोजींनी दारातच अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी अशी रेटली की समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली घेतलं. ताईने कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवले. ती तेव्हा तरी माझी नेहमीचीच ताई होती.

जॉब कार्ड, दुसरी खेप (आठ दिवसांनी)
*तक्रार:* खालून गुरगुर येते. शेजारी बसणाऱ्या बाईच्या पायाला मुंग्या येतात.
*निदान:* मालक.

गाडी लिफ्टवर घेतली. बोटं घातली तर एकच गेलं. पाईप जागेवर होता, माझे टाके शाबूत होते. पत्रा खाली आला होता, खालून बशीचा तळ दिसावा तसा.

"कुठल्या खड्ड्यात घातलीत?"

"एकाही नाही. विचार तुझ्या ताईला."

खड्ड्याने पत्रा वर जातो हे मला माहीत होतं. तरीही मी तेच विचारलं, कारण भावोजींना दोष देता आला की माझं डोकं शांत राहतं. रबरी हातोडा घेऊन फुगवटा खालून ठोकला. पत्रा वाजायला हवा होता. वाजला नाही. भरलेल्या पोत्यावर हात मारावा तसा आवाज आला.

ताई लिफ्टच्या खांबाला टेकून उभी होती.

"हळू मार रे," ती म्हणाली.

"का?"

"असंच."

पत्रा वर गेला, दोन बोटं गेली. मी त्यांना पाठवून दिलं. पायाच्या मुंग्यांसाठी डॉक्टरकडे जा म्हणालो. डॉक्टरने तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तोही आपल्यासारखाच. कळलं नाही की काहीतरी बसवून द्यायचं.

जॉब कार्ड, तिसरी खेप (चार दिवसांनी)
*तक्रार:* तीच.
*निदान:*

एकही बोट जाईना. पत्रा पाईपवर येऊन टेकला होता, आणि जिथे टेकला तिथे माझी नवी नळी किंचित चेपली होती. वरून.

सकाळचे अकरा वाजले होते. शटर पूर्ण उघडं होतं, समोर रस्ता, ऊन, एक माणूस कुत्रं फिरवत होता. सांगायचा मुद्दा हा की मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

गाडी खाली घेतली, सीट काढली, गालिचा उचलला. फुगवटा खाली आलाय म्हणजे आतून तिथे खड्डा असायला हवा. खड्डा नव्हता. आतला पत्रा सपाट होता. स्पिरिट लेव्हल ठेवली तर बुडबुडा मधोमध थांबला. हात फिरवला, नख फिरवलं.

पत्र्याची जाडी एक मिलिमीटर. वरून सपाट. खालून कलिंगडाची फोड.

गाडी पुन्हा वर घेतली आणि फुगवट्याच्या मध्यावर खालून ड्रिल लावलं. मला दोन्हीकडचा पत्रा एकच आहे हे सिद्ध करायचं होतं, दुसरं काही नाही. बिट पत्र्यातून गेला. मग त्याला पुढे काहीच लागेना. मग पूर्ण आत गेला, मुळापर्यंत, सत्तर मिलिमीटर. भावोजी स्टुलावर चढून आत वाकून बघत होते.

"आलं का टोक वर?"

"कुठे? काही नाही इथे. तू नीट मारतोयस ना?"

आयुष्यभर हातात स्क्रू ड्रायव्हर न धरलेला माणूस मला नीट मारतोयस ना विचारत होता. मी बिट बाहेर काढला. चिमटीत धरला.

गार होता. ओलसर.

भोक मी वेल्डने बुजवलं. लगेच. गाडी खाली घेतली, सीट जागेवर बसवली. मग ताईला म्हणालो, "जरा आत बसतेस? वजन बघायचंय."

"माझं? मेल्या, भर बाजारात?"

"गाडीचं."

चार काटे लावले. ताई नेहमीसारखी बसली, पर्स मांडीवर घेऊन. ती चौसष्ट किलोची आहे, गेली दहा वर्षं आहे, आणि त्यावरून भावोजी जे विनोद करतात ते मी इथे लिहिणार नाही.

ताई बसलेली: बाराशे चव्वेचाळीस.

बरोबर. अकराशे ऐंशी आणि चौसष्ट.

"आता उतर."

ताई उतरली: बाराशे तेरा.

मी काटे शून्यावर आणले. त्यांची अदलाबदल केली. वीस किलोची वजनं ठेवून तपासले. पुन्हा तेच. मग एक काटा भिंतीशी नेला आणि ताईला त्यावर उभं राहा म्हणालो. ती वाळलेली नव्हती. गाल तेच, मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा त्याच भोकात लावलेला. चप्पल काढून ती काट्यावर चढली.

एकतीस.

बेरीज चोख जुळत होती. तेच वाईट होतं.

"किती?" ताईने विचारलं.

"काटा बिघडलाय."

"खोटं बोलताना तू कान खाजवतोस."

"अगं, काटाच बिघडलाय," भावोजी म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं निघावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

कापलेलं वळण मी भंगाराच्या पिंपातून शोधून काढलं. पुसलं, जागेवर धरून पाहिलं. बसेना. फुगवटा आता त्या वळणात मावत नव्हता, एका बोटाने मोठा होता. बावीस वर्षं मी इतरांच्या चुकलेल्या मापांवर तोंडसुख घेतलं. हे माप चुकलेलं नव्हतं. मी उशीर केला होता.

दुपारभर बसून नवं वळण केलं, आधीच्याहून मोठं, ओबडधोबड. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी दारातून परत पाठवलं असतं. जोडलं. दोन बोटं घातली. गेली.

ताईला पुन्हा काट्यावर उभं केलं.

एकतीस.

आठ दिवसांनी एकतीस. महिन्याने एकतीस. उतरत नाही, चढत नाही. वाऱ्याच्या दिवशी ती भिंतीच्या कडेने चालते. जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज येत नाही, त्यामुळे ती घरात आली की आम्ही दचकतो, आणि तिला राग येतो.

मी भावोजींना म्हणालो, गाडी विका. ते लगेच हो म्हणाले, वाद न घालता. आवाजाची त्यांची हौस फिटली होती. त्यांनी महिनाभरात एकदाही गाडी रेटली नव्हती.

नाही म्हणाली ती ताई.

"आणि मी?" भाजी संपलीय असं सांगावं त्या सुरात तिने विचारलं. "अर्धी कुणाला विकताय?"

भावोजींनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला त्यांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. सुचलं नाही.

आता गाडी माझ्याकडेच असते, लिफ्टच्या शेजारी. ताई ऑफिसातून सुटली की येते. शेजारच्या सीटवर तासभर बसते, दार लावून. काही वाचत नाही, फोन बघत नाही. एकदा काच खाली करून म्हणाली, "इथे बसलं की मी पुरी असते." मग काच वर केली.

दर सोमवारी सकाळी मी पाठीवर झोपून खाली जातो आणि बोटं घालतो. गिऱ्हाईकं विचारतात हे काय वेड्यासारखं वळण लावलंय. मी म्हणतो, जागा लागते. ते विचारतात, कशाला? मी ग्राइंडर चालू करतो. ते माझ्याकडे जसं बघतात तसं मी बावीस वर्षं लोकांकडे बघत आलोय, त्यामुळे ती नजर मला ओळखू येते.

गेल्या सोमवारी दोन बोटं गेली, पण घासून.

पत्रा कोमट होता. गाडी पाच दिवस चालू केली नव्हती.

मी बोटं तशीच ठेवली. थोड्या वेळाने पत्रा हलकेच खाली आला, बोटांना टेकला, आणि पुन्हा वर गेला. पुन्हा आला. मी मोजलं. मिनिटाला चौदा.

वर सीटवर ताई नव्हती. ती ऑफिसात होती. मी फोन करून खात्री केली.

या गाडीतून भावोजी माझ्या दारात पहिल्यांदा आले तेव्हा एकटे होते. शेजारची सीट रिकामी होती आणि सीटवर कुणी बसलं की पट्टा लावा असं सांगणारा त्या सीटचा दिवा पेटलेला होता. सेन्सर खराब आहे असं म्हणून मी त्याची वायर काढून टाकली.