सात जर्सी आणि बंद दार

"गुर्र... गुर्र... टक!" वॉशिंग मशीन पुन्हा थांबलं.

"तिसऱ्यांदा!" समर्थ ओरडला. "ताई, हे काय फिरत नाय आता!"

त्याची मोठी बहीण दिशा मशीनपुढे वाकली. काचेच्या दाराआड पाण्यात त्यांच्या संघाच्या सातही जर्सी गपगार पडल्या होत्या. आत पाणी असेपर्यंत दार उघडणार नव्हतं. घड्याळात पावणेतीन. चारला सुट्टीतल्या कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना, आणि पंचांनी कालच बजावलं होतं, "जर्सी नाही, तर मैदानात पाऊल नाही!" 'आमच्याकडे मशीन आहे, द्या सगळ्या माझ्याकडे!' असं मिरवलं होतं ते मात्र दिशानंच.

"सगळ्या जणी मला कच्चं खातील गो!"

"पहिला घास माझा," कर्णधार सानवी म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

आई आणि आप्पाआजोबा बंदरावर मासळीच्या लिलावाला गेले होते. घरात मोठं माणूस एकच, विनोदकाका. त्यांनी दारातूनच नजर टाकली आणि फर्मान सोडलं, "मोटर जळली! हात लावू नका कोणी. उद्या मेकॅनिक आणतो." आणि लगबगीनं मागच्या पडवीत सटकले.

"मोटर जळली तर जळका वास कुठाय?" दिशा म्हणाली. "आणि काका एवढे घाईत का?"

तिनं पाणी बाहेर सोडणारा पाइप तपासला. कुठे मुडपला नव्हता. दारही घट्ट लागलेलं होतं. मग पाणी बाहेर का जात नव्हतं? पाणी गेल्याशिवाय मशीन गरगरा फिरणार तरी कसं! एवढ्यात दाराच्या रबरात तिला हिरवा नायलॉनचा दोरा दिसला.

"जाळ्याचा दोरा!"

तिघंही पडवीकडे धावली. खुंटीवर काकांचा पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टांगलेला होता. समर्थनं नाक लावलं आणि डोळे विस्फारले.

"ताई, पागाला गुलाबाचा वास येतोय!"

काकांनी मान खाली घातली. "वहिनी रोज ओरडते, घरभर वास सुटतो म्हणून... सकाळी टाकला मशीनमध्ये. कोणाला बोलू नका रे!"

दिशा पागाची कड भराभर चाचपत होती. कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्यांत मध्येच मोकळी जागा होती. तीन गोळ्या गायब!

"काका, शिसं पाण्यात कुठं जातं?"

"कुठं म्हणजे? तळाला!"

"मग मशीनच्या तळाला बघू या!"

तीन वाजून पाच. समर्थ मशीनच्या खालच्या झाकणाकडे झेपावला. "थांब! आधी प्लग काढ!" दिशा किंचाळली. प्लग निघाला. सानवीनं परात सरकवली. दिशानं झाकणाआडची फिल्टरची गोल चकती हळूहळू फिरवली आणि भस्सकन पाणी आलं! एक परात, दुसरी, तिसरी... काका निमूटपणे अंगणात ओतत होते. शेवटी चकती हातात आली. दिशानं आत बोटं घातली. हिरव्या दोऱ्याचा गुंता निघाला आणि पाठोपाठ टण, टण... दोन गोळ्या परातीत पडल्या.

"तिसरी?" सानवी परातीवर वाकली.

दिशानं फरशीवर आडवं पडून बोटं आणखी आत खुपसली. टण!

चकती घट्ट बसवली, फरशी पुसली, प्लग लावला. दिशानं बटण दाबलं. गुर्र... गुर्र... आणि मशीन असं सुसाट फिरलं की समर्थ अंगणात नाचायलाच लागला!

ओलसर जर्सी घालून मुली मैदानावर पोचल्या तेव्हा चार वाजायला तीन मिनिटं होती. सामना त्यांनी दोन गुणांनी जिंकला!

संध्याकाळी सगळी हकिगत ऐकून आई काकांकडे बघतच राहिली. आप्पाआजोबा मात्र खदखदून हसले. त्यांनी दिशाला जवळ घेतलं.

"उभा जन्म समुद्रात गेला माझा, पण पाग न टाकता पाण्यातून शिसं काढणारी तूच पहिली हो पोरी!"

काकांनी तीन गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "ओवून देशील? आणि उद्या खाडीवर चल. पाग टाकायला शिकवतो तुला."

दिशाच्या डोळ्यांत पाणी आलं. गेली दोन वर्षं ती हेच तर मागत होती!