माटोळीतलं फूल

पाळी गावच्या डोंगरावर आम्ही एका फुलासाठी चढलो. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, फुलाची एक पाकळी रुंद असते, तिला ओठ म्हणतात. बहुतेक आमऱ्यांचा ओठ खाली असतो, खोडापासून लांबच्या, म्हणजे अपाक्ष बाजूला. प्रज्योतने पाठवलेल्या फोटोत तो वर होता! अशी पांढरी आमरी इकडे कोणी नोंदवलेली नाही, असं सर म्हणाले. सोमवारी मी ती कॉलेजात मांडणार होते, माझ्या नावाने.

प्रज्योत पाळीचाच, बालवाडीपासूनचा माझा दोस्त. तिसरी तारा, दोडामार्गची, आमच्या वर्गातली.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली. वाटेतला व्हाळ, डोंगरातला ओढा, गुडघाभर होता, तो ओलांडला. मग निसरडी लाल माती, जळवा, छातीपर्यंतचं गवत, आणि शेवटी कडा.

"खालच्या कपारीत आसा," प्रज्योत म्हणाला. "तू उतर, दोर मी धरतंय."

दोर कमरेला बांधून उतरले. फुलं होती, कपारभर. मी वाकले.

ओठ खाली. दुसऱ्याचा खाली. सगळ्यांचे खाली.

"प्रज्योत, फोटो इथलाच ना रे?"

मी वर बघितलं, काठावर तो नव्हता. पायाखालचा दगड सुटला. दोर सैल! मी घसरले. गवत धरलं, ते उपटून हातात आलं. तेवढ्यात दोर ताणला, आणि वरून ताराचा आवाज, "पाय रोव गो, धरलंय मी!"

वर आले तर प्रज्योत झुडपांतून येत होता. दोर त्याने एका रोपट्याला गुंडाळून ठेवलेला. पाठीवरच्या पोत्यात कवंडळाची लालभडक रानफळं.

"फोटो खंयचो?" मी विचारलं.

"मामाच्या माटोळीतलो. गेल्या चवथीचो."

गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या लाकडी चौकटीत, माटोळीत, रानातली फळं-फुलं देठ वर करून बांधतात. उलट्या दांड्यावर ओठ वर दिसणारच. फोटो कातरलेला, त्यात दांडा दिसतच नव्हता.

"तुका ठाऊक होतं?"

"गे, माटोळीची स्पर्धा आसा. एकट्याक रानात सोडत नाहीत घरचे. फुलाचं नाव काढलं तर तू येतलीस म्हणून..." तो हसला. "दोन दांडे खुडून दी मगे, माटोळीक बरे दिसतले."

"फुलांक हात लावशील तर बघ," तारा म्हणाली.

मी फुलं कपारीतच राहू दिली. सरांना काय सांगायचं ते वाटेत जुळवत होते, जुळत नव्हतं.

परतताना व्हाळ कमरेपर्यंत चढला होता, गढूळ, ओढीचा. हात धरूनच जायला हवं होतं. प्रज्योतने सवयीने माझ्याकडे हात केला.

मी ताराला मध्ये घेतलं.