एक डोळा राहिलेला गणपती

चूक दर्शनाचीच होती. गणपतीच्या डोळ्यांची आखणी चालू असताना कारखान्याच्या दारात उभं राहून ओरडू नये, हे पेणच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण दर्शना पेणची नव्हती. निडी गावामागच्या वाडीतली, रोह्यात एकटी खोली घेऊन राहणारी, पेणला फक्त क्लासमध्ये मराठी शिकवायला येणारी. आणि त्या मार्चच्या दुपारी तिच्या फोनवर इंग्लंडच्या एका विद्यापीठाचं पत्र उघडं होतं. कवितालेखनाच्या एम.ए.ला त्यांनी तिला घेतलं होतं... कवयित्री म्हणून!

असं काही झालं की माणूस आधी घरी फोन लावतो. तिनेही लावला. आई-बा कर्नाटकात वीटभट्टीवर होते आणि भट्टीवर रेंज नव्हती. क्लासच्या सरांना सांगितलं, तर त्यांनी 'अरे वा' म्हणून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक हातात दिलं. संपलं. तिसरं माणूसच नव्हतं. मग गल्लीत जे पहिलं दार उघडं दिसलं, त्यात ती शिरली. आत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं.

"मला घेतलं!" ती म्हणाली.

ब्रश घसरला. बाप्पाच्या डाव्या डोळ्याची रेघ थेट कानाकडे गेली.

पाठमोरा माणूस वळला. विराज त्याचं नाव. काकांच्या कारखान्यात तो डोळे तेवढे आखायचा. खरं तर चिडायला हवं होतं, पण समोरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू बघून ते काही त्याला जमेना.

"कोणी घेतलं?"

"विद्यापीठानं. कविता लिहायला."

"कविता लिहायला पण कॉलेज असतं?"

"असतं."

"आधी नाय का सांगायचं? मी उगाच गणितात तीनदा नापास झालो."

दर्शना खळखळून हसली. तोंड गोड करायला कारखान्यात चहाच्या साखरेखेरीज काही नव्हतं. त्याने चिमूटभर साखर तिच्या तळहातावर ठेवली, आणि बोटाचा काळा रंगही तिथे उमटला. साखर तिने लगेच खाल्ली. रंग मात्र रोह्याला पोचेपर्यंत पुसला नाही.

"आणि ह्याचा डोळा?" निघताना तिने विचारलं.

"पुसून परत काढायचा. पाच मिनिटांचं काम हाय."

कोपऱ्यात सोंडेला रंग देणाऱ्या विमलबाई म्हणाल्या, "डोळे झाले की बाप्पा हितं थांबत नाय गो. मग तो जायालाच निघतो."

पुढच्या शनिवारी ती माफी मागायला आली. त्याच्या पुढच्या शनिवारी कशाला आली, ते तिचं तिलाच ठाऊक! एक शिस्त मात्र आपोआप ठरली. तो आखायला बसला की हिने हूं की चूं करायचं नाही. तो श्वास रोखून एक मूर्ती पुरी करायचा, ब्रश पाण्यात बुडवायचा आणि म्हणायचा, "हां... वाच." दोन मूर्तींच्या मध्ये एक कविता.

"ह्यात तुझी आई कुठंय?" एकदा त्याने विचारलं.

"आई नाहीये ह्यात. रिकाम्या घरावर आहे कविता."

"तेच. कडीला बाहेरून फडकं बांधलंय म्हणालीस. ते बांधलं कुणी?"

 सहा महिने बंद राहणाऱ्या झोपडीच्या कडीला फडकं बांधून आई भट्टीवर जायची, आणि आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली पोर ते फडकं बघून परत फिरायची. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी याला सांगितलं.

फळीवरचा तो गणपती मात्र एकाच डोळ्याने बघत बसला होता. विराजने घसरलेली रेघ पुसली होती, डोळा काढला नव्हता.

"अजून नाही केलास?" दर्शनाने विचारलं.

"वेळ कुठं हाय?"

दर्शनाला ते खरं वाटलं. कवितेत हुशार पोरगी, बाकी आनंदच!

मे अखेरीस आई-बा परतले. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "भट्टीपरीस लांब हाय?"

"लय लांब, आये."

"आन् तिकडचा मुकादम बरा हाय ना गो?"

दर्शना हसली, आणि मग घरामागे जाऊन पोटभर रडली. तिला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. पण कुणीतरी एकदा, एकदाच, 'नको जाऊस' म्हणावं असंही वाटत होतं. तिच्या घरात जाणाऱ्याला कोणी अडवत नसे. जाणं हेच तिथलं जगणं होतं.

शिष्यवृत्ती मिळाली, व्हिसा आला. विराज प्रत्येक वेळी म्हणायचा, "झ्याक झालं!" आणि पुढची मूर्ती ओढायचा. दर्शना मनातल्या मनात जळायची.

चतुर्थीला दहा दिवस असताना ती निरोप घ्यायला आली. कारखाना निम्मा रिकामा झाला होता, आणि तो गणपती होता तिथेच होता.

"पाच मिनिटांचं काम," ती म्हणाली. आवाजात धार होती. "सहा महिन्यांत पाच मिनिटं मिळाली नाहीत तुला?"

विराजने ब्रश पुसून खाली ठेवला.

"डोळे झाले की तो जातो," तो म्हणाला. "म्हणून... नाय केले."



"मग मला का नाही म्हणालास? नको जाऊस म्हणून?"

"तुझी रेघ कशाला घसरवू? बाप्पाची घसरली ती पुरे झाली." तो कसाबसा हसला. "वाटलं रोज. आवडतेस तू मला. पण घरचे सगळे भट्टीला जातात, तू पहिली कवितेला चाललीस. तुला मी अडवू?"

तिला पाहिजे होतं ते ऐकायला मिळालं, आणि आता थांबायचं कारणच उरलं नाही. असंही होतं बघा.

तिने फळीवरची मूर्ती उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"काढ."

त्याने श्वास रोखला. तिनेही रोखला. या वेळी ती बोलली नाही. रेघ वळली, बुबुळ भरलं, आणि बाप्पाने दोन्ही डोळ्यांनी दर्शनाकडे बघितलं. विराजने मूर्ती पेंढ्यात गुंडाळून खोक्यात ठेवली. "तुझ्याबरोबर जाऊ दे."

खोकं उचलण्याआधी दर्शनाने मांडणीवरची एक कोरी, बिनरंगाची मूर्ती खाली घेतली आणि बुकिंगच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला.

"पुढच्या वर्षाची लिहिते."

नाव: दर्शना. गाव: निडी. नेण्याची तारीख... तिथे ती जरा अडखळली, आणि मग लिहिलं: 'येईन तेव्हा. तोवर डोळे काढू नयेत.'

विराजने चिठ्ठी वाचली. मूर्तीच्या पाठीला चिकटवली.

"काका ओरडतील," तो म्हणाला.

"ओरडू दे."

रोह्याच्या एसटीत तिला खिडकी मिळाली. मांडीवर खोकं होतं आणि शेजारची जागा रिकामी. कंडक्टरने विचारलं, "एकच?"

"आत्ता एकच," दर्शना म्हणाली.