चार दहाला आलेला आर्नी

टिंग!

ओव्हनचा टायमर वाजला आणि काइसा दचकली. एवढा वेळ घरात चिटपाखरूसुद्धा नसल्यासारखी शांतता होती.

यातलं काहीही रचलेलं नाही. काइसाने मला सांगितलं, तसंच लिहितेय. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

१५ नोव्हेंबर १९९४. मिशिगनचं पार वरचं टोक. जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेलं, जंगलातलं घर. हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस.

तीन दहाला तिने मांस-बटाट्याच्या पास्त्या, म्हणजे मोठ्या करंज्याच, भाजायला ठेवल्या होत्या. टायमर एका तासाचा.

म्हणजे बरोबर चार दहा.

आजही ती टायमर लावत नाही. पास्त्या अंदाजाने भाजते.

तिचा नवरा आर्नी दोनलाच निघून गेला होता. पहाटे त्याला हरणाची नुसती शेपटी दिसली होती. आता सगळी भिस्त मावळतीवर. हरणं पोटासाठी बाहेर पडतात ती या दोन वेळांना, आणि मावळल्यावर अर्धा तास बार काढायची मुभा असते. आर्नीचं मचाण घरामागे पंधरा मिनिटांवर, हद्दीच्या पलीकडे होतं.

काइसाने ट्रे बाहेर काढला. वळली...

आर्नी दारात उभा होता.

दार उघडल्याचा आवाज नाही. पायरीवर बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज नाही.

आणि त्याच्याबरोबर आत येतो तो गारठा... तोही नाही.

"मिळालं?" तिने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग आलास कशाला? अजून पाऊण तास उजेड आहे! या वेळी मचाण सोडणाऱ्याला तू बावळट म्हणतोस ना? आता तुला काय म्हणू?"

"आज उजेड लवकर गेला," आर्नी म्हणाला.

खिडकीत तर अजून तांबूस ऊन होतं.

पाच वर्षांची लेम्पी चित्र रंगवत बसली होती. तिने शेजारची खुर्ची ओढली. "बाबा, इथे बस. बघ, मी हरणाला चष्मा लावलाय."

तो बसला. जाकीटही न काढता. समोर पास्ती वाफाळत होती. त्याने हात लावला नाही.

काइसाला राग आला. थकली होती ती. दिवसभर घरचं सगळं एकटीवर.

"आर्नी, फ्रीझर रिकामा आहे. सगळा हिवाळा काढायचाय. जा ना, बाबा! शेवटचा अर्धा तास तरी बस. मी झाकून ठेवते तुझं."

तो लेम्पीकडे बघत राहिला... खूप वेळ.

मग उठला.

काइसा भांडी घासायला वळली. दार लागल्याचा आवाज काही तिला आला नाही.

सहाच्या सुमारास टॉइमी आला. आर्नीचा थोरला भाऊ. हद्दीपलीकडे राहायचा, आर्नीच्या मचाणापासून थोड्याच अंतरावर शिकारीला बसायचा. टोपी हातात चुरगळत उभा राहिला.

"काइसा... फांदी मोडली. चार चाळीसला मला धप्प आवाज आला. धावत गेलो. पण मान..."

पुढचं तिने ऐकलंच नाही.

चार दहाला तो घरी. पंधरा मिनिटं चालत मचाणापर्यंत. मग चढणं. चार चाळीस.

गणित बरोबर जमत होतं.

तिनेच त्याला पाठवलं होतं.

दोन महिने ती हे कुणाशी बोलली नाही. लेम्पीला कुशीत घेऊन झोपायची आणि वाटायचं, हिच्या बापाला मी घराबाहेर काढलं.

जानेवारीतल्या एका रविवारी टॉइमी दुपारी कॉफीला आला. आणि तिचा बांध फुटला.

"टॉइमी, तो घरी आला होता रे. मीच हाकललं. खुर्चीवर बसला होता, आणि मी त्याला जा म्हणाले!"

"कधी?"

"चार दहाला. टायमर वाजला तेव्हा."

"काहीतरीच काय! तो मचाणावरून हललाच नाही. मी बघत होतो ना त्याचं नारिंगी जाकीट. आणि पडला तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर चांगलं ऊन होतं."

"चार चाळीसला कुठलं ऊन? सूर्य तर चार पंचवीसला मावळला होता."

टॉइमीचा कप ओठाशीच थांबला.

तिथे जिल्ह्याच्या हद्दीवरच वेळेचा पट्टा बदलतो; अलीकडे आणि पलीकडे घड्याळं वेगळी. पलीकडचं एक तास पुढे. "तुम्ही लोक कायमचे एक तास मागासलेले," असं टॉइमी आर्नीला चिडवायचा. पण रीत अशी, की ज्याच्या घरात बसलो त्याच्या घड्याळाने बोलायचं. काइसाच्या उंबऱ्यात पाय टाकला की टॉइमी मनातल्या मनात तास वजा करायचा. वीस वर्षं कधी चुकला नव्हता.

"काइसा," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी तास वजा केला नाही."

म्हणजे इथले तीन चाळीस.

तीन चाळीसला पास्त्या अर्ध्याच भाजल्या होत्या.

"बघ, तुझी काही चूक नाही, पोरी," टॉइमी म्हणाला. "तुझ्या चार दहाच्या अर्धा तास आधीच तो..."

काइसाच्या छातीवरचा दगड उतरला. एका श्वासापुरताच.

मग तिची नजर त्या खुर्चीवर गेली.

टॉइमीचीही गेली.

लेम्पी जमिनीवर चित्र रंगवत होती. सगळं ऐकत होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने मान वर केली.

"आई, मग बाबा इथे राहायलाच आला होता ना? तू जा म्हणाली नसतीस, तर राहिला असता?"