कुराशिगे सेन्सेईंची डबी

ज्याने नमुना भरला त्यानेच स्क्रू आवळायचे, दुसऱ्याच्या डबीला हात लावायचा नाही. ओसाकातल्या त्या प्रयोगशाळेत हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि आजवर कुणी मोडलाही नव्हता.

डबी पोलादी, मुठीएवढी. आत समोरासमोर दोन हिरे आणि त्यांच्या टोकांमध्ये नुसत्या डोळ्यांना न दिसणारा शुद्ध कॅल्शियमचा कण. हवेच्या वीस लाख पट दाब देऊन गोठवला, की हा साधा धातू विजेला तसूभरही अडवत नाही. कुराशिगे सेन्सेईंनी, म्हणजे तिथल्या गुरुजींनी, अकरा वर्षं या कणापायी घातली आणि फेब्रुवारीत, दाब सतरा लाखांवर असताना, ते गेले. मार्चअखेर त्यांचं टेबल रिकामं होणार होतं. डबी तशीच कपाटात गेली असती तर सगळं पाण्यात. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेल्या हिनात्सुला ते सोसवेना.

"मी आवळते," ती म्हणाली.

म्हाताऱ्या तंत्रज्ञ उमेगाकींनी चहाचा पेला खाली ठेवला. "त्यांची डबी आहे, पोरी."

"ते येणार आहेत का आता?"

उमेगाकींनी पेला पुन्हा उचलला.

तिने चारही स्क्रू केसभर फिरवले आणि लेझरने दाब मोजला. सतरा लाख चाळीस हजार. दुसऱ्या सकाळी, कुणी हात न लावता, अठरा लाख. तिने साधी कारणं काढली: धातू सावकाश बसतो, खोली कधी तापते, कधी निवते. मग स्क्रूंवरून डबीवर पांढऱ्या शाईच्या रेघा ओढल्या. सकाळी चारही रेघा तुटल्या होत्या; रात्रीतून चारही स्क्रू सारखेच आवळले गेले होते.

ती कुणाला बोलली नाही. खोटं कशाला, तिला बरंच वाटत होतं. वीस लाख झाले तेव्हा तिने डबी गोठवली. पडद्यावरची विजेच्या अडथळ्याची रेघ घसरत आली, शून्याला टेकली आणि तिथेच राहिली. हिनात्सु खुर्चीत बसून रडली.

"झालं ना मनासारखं?" उमेगाकी म्हणाले. "आता सैल कर, नाहीतर हिरे फुटतील."

डबी बाहेर काढून तिने स्क्रू सैल केले.

बावीस लाख.

"उलटं फिरवलंस का?"

"नाही हो."

तिने चारही स्क्रू काढून टेबलावर ठेवले. पुन्हा मोजलं.

तेवीस.

उमेगाकी दोन पावलं मागे सरले. "राहू दे आता. ऊठ तिथून."

तिने झाकण काढायला हात घातला. पोलाद गार होतं. ओढून पाहिलं, झाकण निघालं नाही. हात सोडवून पाहिला, तोही निघाला नाही.

दुखत नव्हतं. बोटांवर काहीच नव्हतं. तरी अंगठ्याचं नख, कुणी दाबून धरल्यासारखं, कडेपासून पांढरं होत चाललं होतं.

"मिळालं, सेन्सेई," ती हळूच म्हणाली. "पुरे आता."

तर्जनीचं नखही पांढरं झालं.